लगत आणि लगोलग : ‘एक्सलिंक काई’ व सन्निधीची कल्पना

१

परस्परांपासून शेकडो मैल दूर असलेली यंत्रे एकाच खोलीत आहेत असा त्या यंत्रांचाच समज करून देणे, एवढेच जिचे कार्य आहे अशा एका आज्ञावलीची चिकित्सा प्रस्तुत लेखात करावयाची आहे. ‘एक्सलिंक काई’ हे तिचे नाव. दूरचित्रवाणी-संचाला जोडून खेळावयाच्या कन्सोल-यंत्रांसाठी ती रचली गेली. रचणारे लोक कोणा यंत्रनिर्मात्या कंपनीचे सेवक नव्हते. ते खेळांचे चाहते होते, आणि त्यांनी ती विनामूल्य दिली. २००० च्या दशकाच्या पूर्वार्धात सुरू झालेला हा उद्योग दोन दशकांहून अधिक काळ टिकला. ज्या यंत्रांना ती जोडीत आली त्यांतील कित्येकांच्या अधिकृत सेवा या अवधीत थाटाने उघडल्या आणि निमूटपणे बंदही पडल्या. नुसते हे दीर्घायुष्य लक्षात घेतले तरी तिचा विचार करावयास पुरेसे कारण आहे असे म्हणण्यास हरकत नाही.

तथापि भाषेच्या अभ्यासकाचे कुतूहल आणखी एका कारणाने जागे होते. ‘जवळ’ म्हणजे काय, ‘येथे’ म्हणजे कोठवर, हे प्रश्न त्याच्या नित्य परिचयाचे आहेत. या आज्ञावलीने तेच प्रश्न यंत्रांच्या व्यवहारात उभे केले, आणि त्यांना जे उत्तर दिले ते आपल्याकडील शाब्दबोधाच्या जुन्या चर्चेशी ताडून पाहण्याजोगे आहे. काई यंत्रांना फसविते, असे तिच्याविषयी सर्रास बोलले जाते. आमचे प्रतिपादन असे की, या फसवणुकीने यंत्रांच्या व्यवहारातील एक सत्य उघडकीस आणले आहे : त्यांना हवी असलेली सन्निधी ही मुळात स्थळाची नव्हतीच, ती काळाची होती. हे सत्य एकदा मान्य केले म्हणजे, विकत घेतलेला खेळ खेळण्यासाठी कोणाच्या अनुज्ञेची गरज असावी, हा वरवर असंबद्ध वाटणारा प्रश्नही टाळता येत नाही.

२

मायक्रोसॉफ्ट कंपनीचे ‘एक्सबॉक्स’ हे यंत्र १५ नोव्हेंबर २००१ रोजी अमेरिकेत विक्रीस आले, आणि त्याच दिवशी ‘हेलो : कॉम्बॅट इव्हॉल्व्ह्ड’ हा खेळही आला. बंजी या संस्थेने रचलेल्या या युद्धखेळात पडद्याचे चार भाग करून एका यंत्रावर चौघांना खेळता येई. अशी चार यंत्रे तारांनी जोडली तर सोळा जणांचा सामना होई. या जोडणीस ‘सिस्टिम लिंक’ असे नाव होते. तीसाठी चार यंत्रे, चार दूरचित्रवाणी-संच, सोळा माणसे आणि या सर्वांना सामावून घेणारे घर लागे. इंटरनेटवरून खेळण्याची सोय मात्र नव्हती. मायक्रोसॉफ्टची ‘एक्सबॉक्स लाइव्ह’ ही वर्गणीची सेवा बरोबर एका वर्षाने, १५ नोव्हेंबर २००२ रोजी सुरू झाली. तरीही एक्सबॉक्सवरील पहिल्या हेलोला तिचा लाभ कधीच मिळाला नाही. ९ नोव्हेंबर २००४ रोजी ‘हेलो २’ आला तेव्हा कोठे ती उणीव दूर झाली.

ही उणीव भरून काढण्याचे प्रयत्न तत्पूर्वीच सुरू झाले होते. गेमस्पाय ही कंपनी आणि चाहत्यांचे काही गट यांनी, कंपनीने न दिलेला मार्ग आपणच काढण्याचा उद्योग आरंभिला. यात एक जुनी वहिवाटही होती. १९९० च्या दशकात कार्यालयीन जाळ्यावर खेळण्यासाठी रचलेले संगणकावरील खेळ इंटरनेटवरून खेळता यावेत म्हणून ‘काली’ नावाची आज्ञावली निघाली होती. कन्सोल-यंत्रांच्या बाबतीत अडचण अधिक होती. कारण संगणकावर खेळाशेजारीच दुसरी आज्ञावली बसविता येते, कन्सोलमध्ये मालकाला तशी मुभा नसते. म्हणून यंत्राला हात न लावता यंत्राच्या बाहेरून काम साधणे भाग होते.

ते कसे साधले हे समजण्यासाठी सिस्टिम लिंकचा व्यवहार पाहिला पाहिजे. खेळ शोधावयास निघालेले एक्सबॉक्स आपल्या जाळ्यावर एक हाक घालते. ही हाक कोणा एकास उद्देशून नसते. इथरनेटच्या संकेतानुसार प्रत्येक संदेशावर ४८ बिटांचा पत्ता असतो, आणि ते सर्वच्या सर्व बिट १ असले म्हणजे तो संदेश ‘येथील सर्वांस’ असा ठरतो. ‘येथील’ या शब्दावर भर द्यावयास हवा. घरातील जाळे आणि बाहेरचे जग यांच्या मध्ये असलेला रूटर अशी हाक उंबरठ्याबाहेर जाऊ देत नाही. तशी जाऊ दिली, तर जगातील प्रत्येक यंत्राचा पुकारा प्रत्येक यंत्राच्या कानी पडेल आणि कोणालाच काही ऐकू येणार नाही. सारांश, रूटरचा उंबरठा हीच एक्सबॉक्सच्या ‘येथे’ची व्याप्ती होय.

काईची योजना अशी. एक्सबॉक्सच्याच जाळ्यावरील एखाद्या संगणकावर ती बसते. स्वतःस उद्देशून नसलेली पॅकेटेही संगणकाने ऐकावीत अशी व्यवस्था करते. खेळयंत्राची हाक ऐकू आली की ती जशीच्या तशी दुसऱ्या पॅकेटाच्या पोटात घालून इंटरनेटमार्गे दूरच्या संगणकाकडे रवाना करते. तेथील काई वेष्टन फोडून आतली हाक तेथील जाळ्यावर सोडते. त्या गावच्या एक्सबॉक्सला ती लगतच्या यंत्राची हाक वाटते, ते उत्तर देते, आणि उत्तरही याच वाटेने परत येते. कोण कोणत्या खेळासाठी बसले आहे याची ओळख करून देण्यापुरते मध्यवर्ती सर्व्हर लागतात. ओळख झाल्यावर खेळाची पॅकेटे खेळाडूंच्या संगणकांमध्ये परस्पर ये-जा करतात.

३

या व्यवहारातील दोन बारकावे भाषाशास्त्राच्या दृष्टीने मोलाचे आहेत.

पहिला बारकावा पत्त्याचा. सिस्टिम लिंकच्या वेळी प्रत्येक एक्सबॉक्स स्वतःचा इंटरनेट-पत्ता ०.०.०.१ असाच लावते. चार यंत्रे जोडली तरी चारांचा पत्ता तोच. त्यांच्यातील भेद ओळखला जातो तो प्रत्येक यंत्राला कारखान्यातच मिळालेल्या ४८ बिटांच्या क्रमांकावरून. इंटरनेटवरील साधे पत्ते हे विशेषनामांसारखे असतात. कोठूनही उच्चारले तरी त्यांचा निर्देश ठरलेला असतो. ०.०.०.१ हे मात्र सर्वनाम आहे. ज्याने त्याने आपल्याविषयी उच्चारावयाचा तो ‘मी’ आहे. येस्पर्सन यांनी १९२२ मध्ये अशा शब्दांस ‘शिफ्टर’ हे नाव दिले; वक्ता पालटला की त्यांचा निर्देश पालटतो, आणि वक्ता समोर नसेल तर निर्देशच लागत नाही. वाटेत सापडलेल्या निनावी चिठ्ठीत ‘मी उद्या येथेच थांबतो’ असे लिहिलेले असावे, आणि वाचणाराला ना मनुष्य कळावा, ना दिवस, ना जागा, तशी गत या पत्त्याची उंबरठ्याबाहेर होते. नेहमीच्या मार्गाने त्याला दूर धाडताच येत नाही, कारण ‘मी’ हा काही पाकिटावर लिहिण्याचा पत्ता नव्हे.

म्हणून काईला नुसता संदेश वाहून नेणे पुरत नाही. ज्या प्रसंगात ‘मी’चा अर्थ लागतो तो प्रसंगच दुसऱ्या गावी उभा करावा लागतो. यंत्रांचे जन्मजात क्रमांक ती संदेशाबरोबर अखंड नेते, आणि तेथे पोचल्यावर उच्चारणारे यंत्र जणू लगतच्याच तारेवर आहे अशी स्थिती निर्माण करते. वाक्य नेण्याऐवजी वाक्याचा प्रसंग नेणे, हे या रचनेचे वैशिष्ट्य होय.

दुसरा बारकावा गुप्ततेचा. सिस्टिम लिंकची पॅकेटे सांकेतिक भाषेत बद्ध असतात, आणि ती उलगडण्याची किल्ली त्या त्या खेळाच्या तबकडीवरच असते. म्हणजे हेलोची पॅकेटे हेलोची तबकडी घातलेल्या यंत्रालाच कळतात. काईला ती कळत नाहीत, आणि ती कळावीत असा तिचा आग्रहही नाही. अर्थ न जाणता वेद मुखोद्गत करणाराला यास्काने ओझे वाहणाऱ्याची उपमा दिली आहे, आणि ती निंदेची आहे. काईच्या बाबतीत हीच उपमा स्तुतीची ठरते. तिला अर्थ कळत नाही म्हणूनच ती अर्थात ढवळाढवळ करू शकत नाही. जी आज्ञावली हेलोसाठी चालली तीच प्लेस्टेशन २, गेमक्यूब, प्लेस्टेशन पोर्टेबल अशा वेगवेगळ्या घराण्यांच्या यंत्रांसाठी चालली, याचेही कारण हेच. खेळ एकाक्षरानेही न बदलता तो नव्या स्थळी वाचनीय करणे हा संपादकाचा धर्म मानला, तर पाठाला हात न लावणारा असा संपादक क्वचितच आढळेल.

४

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. वाक्यातील पदांपासून अर्थबोध होण्यासाठी नैयायिकांनी आकांक्षा, योग्यता आणि सन्निधी अशा तीन अटी सांगितल्या आहेत. यांतील सन्निधी म्हणजे पदांचा विलंबावाचून केलेला उच्चार. ‘गाय’ हे पद आता उच्चारले आणि ‘आण’ हे एका प्रहराने उच्चारले, तर दोन्ही पदे निर्दोष असूनही वाक्य होत नाही, असे अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहा’तील प्रसिद्ध उदाहरणाचे तात्पर्य आहे. येथे ध्यानात घ्यावयाचे ते असे की, ‘जवळ असणे’ असा स्थलवाचक अर्थ असलेली संज्ञा शास्त्रकारांनी काळाच्या अंतरासाठी योजली. मराठीतही हे स्थित्यंतर दिसते. शेताच्या ‘लगत’ विहीर असते आणि निरोप मिळताच मनुष्य ‘लगेच’ किंवा ‘लगोलग’ निघतो. चिकटणे या अर्थाचा धातू एकच, पहिला प्रयोग स्थळाचा, दुसरा काळाचा. खेळाडू ज्या विलंबाची सतत तक्रार करतात त्यास इंग्रजीत ‘लॅग’ म्हणतात. त्याचे आपल्या ‘लग’शी असलेले साम्य हा निव्वळ योगायोग आहे, हे सांगावयास नको, अर्थ तर नेमका उलट आहे.

काईचा सारा प्रयोग या स्थित्यंतराची प्रायोगिक सिद्धता आहे. शेजारच्या यंत्राचे उत्तर तारेवरून एका-दोन सहस्रांश सेकंदांत येते. मूळ एक्सबॉक्सला यंत्र कोठे आहे हे कळत नव्हते. त्याला एवढेच कळे की उत्तर आले आणि वेळेत आले. अमेरिकेतील दोन शहरांत बसलेल्या खेळाडूंना काईमार्गे ते पुरेसे वेळेत मिळू शकले, म्हणून खेळ होऊ शकला. उत्तरास विलंब झाला की तीच यंत्रे, तीच तबकडी, तेच खेळाडू असूनही सामना विस्कटत जाई : झाडलेली गोळी लागली की नाही हे उशिरा कळे, हाताची हालचाल पडद्यावर मागाहून दिसे. पदे सर्व होती, आकांक्षा होती, योग्यता होती. सन्निधी तेवढी तुटली.

यंत्रनिर्मात्यांनी या शोधास दिलेले दोन प्रतिसाद परस्परविरुद्ध असल्यामुळे उद्‌बोधक आहेत. २००५ मध्ये आलेल्या ‘एक्सबॉक्स ३६०’ या यंत्रात मायक्रोसॉफ्टने सिस्टिम लिंकसाठी अशी अट घातली की, दुसऱ्या यंत्राकडे जाऊन परत येण्यास ३० सहस्रांश सेकंदांहून अधिक काळ लागत असेल तर त्या यंत्राशी जोडणी होणार नाही. मूळ एक्सबॉक्समध्ये ही अट नव्हती. या अटीने सन्निधी काळाची आहे हे कंपनीनेच मान्य केले, आणि ती मोजून उंबरठा म्हणून पुन्हा उभी केली. तिचा परिणाम भूगोलात मांडून पाहावा. काचतंतूतून प्रकाश सेकंदास सुमारे २ लाख किलोमीटर जातो. म्हणजे ३० सहस्रांश सेकंदांत जाऊन येण्याची तात्त्विक मर्यादा ३००० किलोमीटर, आणि प्रत्यक्ष मार्ग वाकडेतिकडे व मधले थांबे अनेक असल्याने ती पुष्कळच कमी. मुंबई-दिल्ली हे सुमारे ११५० किलोमीटरांचे अंतर या रेषेच्या आत बसू शकते. मुंबई-लंडन हे सुमारे ७२०० किलोमीटरांचे अंतर सरळ रेषेत काचतंतू टाकला तरी ७२ सहस्रांश सेकंदांखाली येणार नाही. पुणे-मुंबईचा एखादा विद्यार्थी लंडनास गेला, तर त्याच्या घरच्या एक्सबॉक्स ३६० च्या लेखी तो कायमचा परगावी गेला; यंत्रात फेरफार केल्याखेरीज त्यावर उपाय नाही, आणि यंत्राला हात न लावणे हे तर काईचे ब्रीद. तिच्या पद्धतीची सीमा येथे स्पष्ट होते.

दुसरा प्रतिसाद सोनी कंपनीचा. प्लेस्टेशन पोर्टेबल या हातात धरावयाच्या यंत्रावर कॅपकॉम कंपनीची ‘मॉन्स्टर हंटर’ ही खेळमालिका २००५ पासून जपानमध्ये विलक्षण लोकप्रिय झाली. चौघांनी मिळून श्वापदांची शिकार करावयाची, पण चौघे बिनतारी लहरींच्या टप्प्यात, म्हणजे प्रत्यक्ष एकत्र जमलेले असले पाहिजेत, अशी तिची रचना होती. ज्यांना जमणे शक्य नव्हते त्यांतील काहींनी काईचा आश्रय घेतला. २००८ मध्ये सोनीने जपानमध्ये प्लेस्टेशन ३ वर ‘ॲड हॉक पार्टी’ ही सोय सुरू केली. पोर्टेबल यंत्रांचे जवळचे संभाषण इंटरनेटवरून दूर नेणे हेच तिचे काम. चाहत्यांनी लावलेला अर्थ एका निर्मात्याने नाकारला, तर दुसऱ्याने तो आपल्या अधिकृत भाष्यात समाविष्ट केला.

५

एवढ्या गुणवर्णनानंतर दोषांकडे पाहणे क्रमप्राप्त आहे.

पहिला दोष रचनेच्या पारदर्शकतेचा. काईची आज्ञावली विनामूल्य असली तरी तिची मूळ संहिता खुली नाही. शिवाय खेळाडूंची ओळख करून देणारे सर्व्हर मूठभर लोक स्वेच्छेने सांभाळतात. कंपनीचा सर्व्हर बंद पडला की खेळ थांबतो, या परावलंबनावर जिने उपाय काढला तिनेच धाकट्या प्रमाणावर तेच परावलंबन पत्करावे, हा अंतर्विरोध नजरेआड करता येत नाही. ‘एक्सबीस्लिंक’ या दुसऱ्या चाहत्यांच्या आज्ञावलीने संहिता खुली ठेवली. चाहत्यांचा सद्भाव निःसंशय आहे. पण सद्भाव माणसांबरोबर जातो, संहिता राहू शकते. टिकाऊपणाची कसोटी लावली तर या एका बाबतीत एक्सबीस्लिंकची बाजू उजवी ठरते.

दुसरा दोष अधिक खोल आहे आणि तो काईचा एकटीचा नाही. यंत्रांना काळाची सन्निधी पुरते. माणसांना ती पुरते काय? चार संच आणि सोळा माणसे असलेल्या त्या घरात खेळाखेरीज पुष्कळ काही चाले. शेजाऱ्याच्या पडद्याच्या चतुर्थांशात डोकावून त्याची जागा हेरणे, त्यावरून भांडणे, पलीकडच्या खोलीतून आलेल्या आरोळीवरून आपला नेम लागल्याचे समजणे, हाही सामन्याचाच भाग होता. यांतील कोणतीही गोष्ट पॅकेटात नव्हती, म्हणून ती वाहून नेता आली नाही. मॅलिनोव्स्की यांनी १९२३ मध्ये, ज्या बोलण्याचा हेतू माहिती देणे नसून संबंध राखणे हा असतो, त्यास निराळे नाव देऊन भाषाविचारात स्थान दिले. त्या प्रकारचे बोलणे हा या खेळाचा अलिखित अर्धा होता.

काईला याची जाणीव नव्हती असे म्हणणे अन्यायाचे होईल. खेळ शोधण्यासाठी तिने जे आखाडे केले त्यांत लेखी संभाषणाची सोय होती, आणि अनोळखी लोकांच्या ओळखी तेथे झाल्या. परंतु आखाड्यातील लेखी बोलणे प्रायः सामन्यापूर्वी व सामन्यानंतर होते, कारण खेळताना दोन्ही हात गुंतलेले असतात. खोलीतील बोलणे सामन्याच्या आतून, खेळाच्या प्रत्येक क्षणाला बिलगून होत असे. म्हणजे खेळ लगोलग राहिला आणि बोलणे मात्र मागेपुढे सरले. जी सन्निधी यंत्रांना परत मिळाली ती माणसांच्या वाट्यास पुरती आली नाही. काईच्या चाहत्यांकडून या फरकाची चर्चा व्हावी तितकी होत नाही, असे आम्हांस वाटते.

६

आता आरंभी सूचित केलेला प्रश्न घेऊ. १५ एप्रिल २०१० रोजी मायक्रोसॉफ्टने मूळ एक्सबॉक्सच्या खेळांसाठी असलेली लाइव्ह सेवा बंद केली. नवीन जोडणी अशक्य झाली. चालू असलेले सामने मात्र कोणी यंत्र बंद करीपर्यंत तगून राहिले. हेलो २ चे चौदाएक खेळाडू आपली यंत्रे अहोरात्र चालू ठेवून बसले. एकेक यंत्र गळत गेले, आणि शेवटचा खेळाडू मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात बाहेर पडला. हे हट्टाचे कौतुक म्हणून सांगितले जाते. त्याहून महत्त्वाचे असे की, त्यांच्यापाशी तबकडी होती, यंत्र होते, सवंगडी होते. नव्हती ती केवळ ओळख करून देणाऱ्याची संमती. लाइव्हच्या व्यवस्थेत सन्निधी कंपनीच्या ताब्यात होती. त्याच हेलो २ मध्ये सिस्टिम लिंकचीही सोय होती, आणि तीमार्गे काईवर तो खेळ पुढेही खेळता आला. एकाच तबकडीवरील दोन वाटांपैकी एक कंपनीबरोबर मिटली, दुसरी उघडी राहिली.

हा भेद इतरत्रही तपासून पाहता येतो. निन्टेंडो कंपनीच्या गेमक्यूबवरील ‘मारिओ कार्ट : डबल डॅश’ या २००३ मधील शर्यतीच्या खेळात आठ यंत्रे जोडून सोळा जणांनी खेळण्याची सोय होती, इंटरनेटची अधिकृत सेवा नव्हती. ‘वॉर्प पाइप’ ही चाहत्यांची आज्ञावली आणि काई यांनी ती जोडणी दूरवर नेली. पुढील ‘मारिओ कार्ट वी’ या खेळात इंटरनेटची अधिकृत सेवा होती, पण यंत्रे परस्पर जोडण्याची सोय नव्हती. २० मे २०१४ रोजी निन्टेंडोने ती सेवा बंद केली, तेव्हा चाहत्यांना ‘विमफी’ हा पर्यायी सर्व्हर उभारावा लागला, आणि त्याच्याशी बोलता यावे म्हणून खेळातच दुरुस्ती करावी लागली. म्हणजे ज्या खेळाकडे सोय अधिक होती त्याचाच पाठ बदलावा लागला. निन्टेंडोच्याच ३डीएस व वी यू या यंत्रांच्या सेवा एप्रिल २०२४ मध्ये थांबल्या, तेव्हा प्रश्न पुन्हा तोच होता.

कायद्याच्या दृष्टीनेही दोन वाटा सारख्या नाहीत. ब्लिझर्ड कंपनीच्या बॅटल.नेट सेवेचा पर्याय म्हणून स्वेच्छासेवकांनी ‘बीनेटडी’ हा सर्व्हर रचला, तेव्हा प्रकरण न्यायालयात गेले आणि २००५ मध्ये अमेरिकेच्या अपील न्यायालयाने निकाल कंपनीच्या बाजूने दिला. पर्यायी सर्व्हर रचणाऱ्यास कंपनीची भाषा बोलावी लागते, तिची कुलुपे समजून घ्यावी लागतात. काई कोणाची भाषा बोलत नाही. ती फक्त तार लांबविते, आणि तारेची लांबी किती असावी हे तबकडी विकणाऱ्याने ठरविलेले नसते. तिचे अज्ञान हे तिचे संरक्षणही आहे, असे म्हणता येईल.

मूळ एक्सबॉक्सची लाइव्ह सेवा ज्या वर्षी मिटली त्याच २०१० मध्ये ब्लिझर्डचा ‘स्टारक्राफ्ट २’ आला. पहिल्या ‘स्टारक्राफ्ट’मध्ये असलेली स्थानिक जाळ्यावर खेळण्याची सोय त्यात ठेवलेली नव्हती. एकाच खोलीत बसलेल्या दोघांनाही परस्परांशी खेळण्यासाठी कंपनीच्या सेवेतून जाणे भाग पडले. काईने दूरच्यांना जवळ केले होते; येथे जवळचे दूर केले गेले. ही रचना विलंबामुळे वा तंत्राच्या मर्यादेमुळे अटळ होती असे नाही. सन्निधी ही विकत घेणाऱ्याची, की विकणाऱ्याने वेळोवेळी द्यावयाची, या प्रश्नाचे ते उत्तर होते.

यावरून आमचा निष्कर्ष असा. खेळाच्या तबकडीवरील ‘स्थानिक जोडणी’ ही एका किरकोळ सोयीची ओळ नव्हे. कंपनीच्या आयुष्यापलीकडे खेळ खेळता येईल की नाही हे पुष्कळदा त्या ओळीवर ठरते. काईचे श्रेय तिने काही नवे निर्माण केले यात नाही. तबकडीत आधीच असलेले, आणि निर्मात्यांनी चार भिंतींपुरते मानलेले सामर्थ्य तिने पूर्णपणे वाचून दाखविले, यात ते आहे. ज्या खेळात ती ओळ नाही तेथे असा वाचक निरुपाय होतो. माणसांच्या सहवासाचा जो भाग पॅकेटात मावत नाही तो काईच्या हाती लागला नाही, हे मान्य करूनही, पाठ न बदलता त्याचा व्यवहार दोन दशके चालता ठेवणारे हे काम आदराने नोंदविले पाहिजे. खेळांची संग्रहालये व दप्तरे उभारणाऱ्यांनी तबकड्या आणि यंत्रे जपताना अशा आज्ञावल्यांच्या संहिता, आणि त्यांच्या आखाड्यांतील बोलणे, यांचेही जतन करावे. कारण पुढील अभ्यासकास तबकडीवरून खेळाचे नियम कळतील, पण तो कोणाशी, कसा आणि किती दुरून खेळला गेला हे कळावयास दुसरे साधन असणार नाही.